उजव्या बाजूची पट्टी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मामा वाचेल आणि त्याला वाटेल, भाचीने लक्तरं वेशीवर टांगली. पण आज दुपारी त्याच्यासोबत जिथे जाऊन आले तिथून आल्यापासून डोक्यात दुसरं काही शिरतच नाहीये. म्हणून लिहितेय, भराभरा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा मामा चित्रं पुरवतो. काढत नाही हं, पुरवतो. हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या डोक्यावर एक चित्र असतं ना, ज्याच्याकडे कुणी धड बघतही नाही? ते तिथे कुणीतरी शोधून आणलेलं असतं. तो कुणीतरी म्हणजे माझा मामा. मोठ्या बंगल्यांमध्येही देतो, पण जास्त करून हॉटेलं. सजावट करणारी मंडळी त्याला फोन करून सांगतात, सोफे राखाडी आहेत, काहीतरी निळं आणि शांत हवं. मग हा चित्रकारांच्या घरी जाऊन तासन्‌तास बसतो, चहा पितो, कपाटांवरचे गठ्ठे खाली काढतो आणि त्यातून एक चित्र उचलतो. चित्रकाराचा होकार मिळाला की त्याचा मोठ्या कॅमेऱ्याने फोटो, मग जाड सुती कागदावर छपाई. मूळ चित्र आणि छापलेलं, दोन्ही खिडकीत शेजारी शेजारी धरून तो बघत बसतो. निळा जरा इकडचा तिकडे झाला की परत पाठवतो. छापणारे त्याला भितात. सगळ्यात शेवटी चित्रकार प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने नंबर घालतो आणि सही करतो. मामा म्हणतो, सही आहे म्हणून ते चित्र, नाहीतर कॅलेंडर.

घरात त्याला सगळे टेपमामा म्हणतात. कमरेला मोजायची टेप कायम. मी जन्मले तेव्हा दवाखान्यात मला बघायला आला तर आधी भिंतीवरची वाकडी फ्रेम सरळ केली आणि मग माझ्याकडे वळला. आई अजून टोमणा मारते, म्हणते, तुझ्याआधी भिंत बघितली माझ्या भावाने.

तर गेल्या वर्षी त्याला एका नव्या हॉटेलचं काम मिळालं. शहाण्णव खोल्या, सगळ्यांत एकच चित्र. त्याने चित्र निवडलं ते बाईंचं. बाई म्हणजे पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या, मामाही त्यांच्याकडेच शिकला. आता एकट्या असतात, दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर. चित्र आडवं, लांबलचक. सगळी नदीच. सकाळचं पाणी, पलीकडे धुकं, आणि अगदी उजव्या टोकाला पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसलेला एक माणूस. पाठमोरा. ते बाईंचे मिस्टर. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. बाईंनी हे चित्र कधी विकलं नव्हतं, पण मामाला नाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की ह्यांना आयुष्यात कधी हॉटेलात राहायला मिळालं नाही, आता शहाण्णव खोल्यांत राहू देत. वर हसल्या.

छपाई झाली. बाईंनी आठवडाभर बसून शहाण्णव सह्या केल्या, मी शेजारी बसून एकेक कागद पुढे सरकवत होते. हात त्यांचा तेव्हाही जरा थरथरायचा. शेवटच्या सहीनंतर त्यांनी मामाला बजावलं, की भिंतीवर लागलं की मला न्यायचं बघायला. मामा म्हणाला, गाडी घेऊन येतो बाई, तुम्ही फक्त तयार राहा.

आणि इथे चूक झाली. ज्याच्या नावातच टेप आहे त्याच्याकडून मोजण्यात चूक. त्याने भिंत मोजली तेव्हा खोलीत पलंग होता, बाकी काही नव्हतं. चित्रं घेऊन गेला तर पलंगाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर वाचायचे दिवे बसलेले. दिवे येणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यानेही विचारलं नव्हतं. चित्र वीतभर जास्त रुंद झालं. दिवे हलणार नव्हते, आत तारा टाकून वर प्लास्टर झालेलं. सगळं छोटं करून परत छापायचं तर वेळ नव्हता, चार दिवसांनी हॉटेल उघडायचं होतं. सजावटवाली म्हणाली, "उजवीकडून वीतभर काप ना, नदीच तर आहे."

त्याने कापलं. स्वतः, पट्टी लावून, कटरने. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शहाण्णव चित्रं. बाई सही डाव्या कोपऱ्यात करतात, त्यामुळे सही राहिली आणि माणूस गेला. कापलेल्या पट्ट्या त्याने फेकल्या नाहीत, बुटांच्या खोक्यात उभ्या रचून ठेवल्या. मी ते खोकं उघडलंय. शहाण्णव वेळा तोच माणूस, तीच पाठ.

मग बाईंचे फोन सुरू झाले. कधी नेतोस? मामा म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. रंगकाम चालू आहे, लिफ्ट बंद आहे, पाहुणे भरलेत. एकदा मी समोर होते. फोन ठेवल्यावर म्हटलं, मामा, सांगून टाक ना. तो म्हणाला, "काय सांगू गधडे? तुमच्या नवऱ्याला कटरने कापला म्हणून सांगू?" मी उठून चहा टाकायला गेले. म्हणजे मीही त्यातलीच.

दोन महिन्यांनी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला, की सगळ्या चित्रांवर डाग आहे. मामा धावत गेला, मीही मागे. एकशे चार नंबरच्या खोलीत सफाईवाली ओला फडका घेऊन उभी होती. म्हणाली, पुसून बघितलं, काचेच्या आतून आहे. उजव्या कडेला, पाण्यावर, काळपट लांबट डाग. मामाने बघितलं आणि तो पलंगावरच बसला. ती सावली होती. माणूस कापला गेला पण त्याची पाण्यावर पडलेली सावली पट्टीच्या अलीकडे होती, ती राहिली. दोन महिन्यांपासून शहाण्णव खोल्यांमध्ये लोक त्या सावलीखाली झोपत होते आणि तक्रार करत होते.

मॅनेजर वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, डागाशिवायची नवीन द्या, नाहीतर आम्ही दुसरं काहीतरी लावू. म्हणजे सावली काढून नव्याने छापायचं. आणि नव्याने छापायचं म्हणजे बाईंच्या नव्या सह्या.

मामा गेला, मला घेऊन. पण छापलेलं न्यायची हिंमत नाही झाली, तर त्याने काय नेलं? कोरे कागद. सही आधी घ्यायची, वर चित्र नंतर छापायचं. ह्या धंद्यात असं कुणी करत नाही. तो स्वतः असं करणाऱ्यांना चोर म्हणायचा.

बाईंनी नवा चष्मा केला होता. म्हणाल्या, हॉटेलात नेणार आहेस म्हणून केला. कागद बघितले आणि हसल्या.

"अरे टेपवाल्या, कोऱ्या कागदावर सह्या? घर नावावर करून घेतोस की काय?"

मामा म्हणाला, आधीच्या प्रती दमटपणाने खराब झाल्या, घाई आहे. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. टेबलाशी बसल्या, पेन्सिलीला टोक काढलं. एकेका सहीला आता खूप वेळ लागत होता. मध्येच थांबून म्हणाल्या, "हे दिसतात ना रे नीट? दिव्याच्या उजेडात?"

"दिसतात बाई."

मी खिडकीबाहेर बघत होते. मला तेव्हा बोलायचं होतं, शप्पथ, अगदी ओठांवर आलं होतं.

अकरा सह्या झाल्या. बाराव्या कागदावर पेन्सिल टेकवली आणि बाई म्हणाल्या, बोटं ऐकत नाहीत, राहिलेलं पुढच्या आठवड्यात करू. मामाने कागद गोळा केले. जिन्यात त्याने मला थांबवलं, भिंतीला टेकला आणि म्हणाला, पुढच्या वेळी सांगतो. आधी सांगतो, मग कागद काढतो. नाही केल्या सह्या तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात नाही गेला. त्याच्या पुढच्याही नाही. रोज ठरवायचा, चप्पल घालायचा, मग कुठलंतरी मोजमाप आठवायचं. मी माझ्या परीक्षेच्या नावाखाली लपले. हॉटेलने वाट बघितली आणि मग चित्रं उतरवून दुसऱ्या कुणाकडून पानाफुलांची आणून लावली. शहाण्णव फ्रेमा मामाच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत. आता बाईंना न्यायला हॉटेलही राहिलं नाही.

गेल्या सोमवारी बाईंच्या शेजारणीचा फोन आला. बाईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, डॉक्टर म्हणतात, पण बोलता येत नाही आणि पुढे येईल असंही नाही.

आज मामा त्यांना सांगायला त्यांच्या घरी गेला. मी दारात उभी होते. त्याने स्टूल ओढलं आणि सांगितलं, सगळं. दिवे, कटर, डाग, कोरे कागद. काही म्हणजे काही लपवलं नाही. बाई एकटक त्याच्याकडे बघत होत्या. सांगून झाल्यावर त्याने पिशवीतून एक पट्टी काढली आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. नवा चष्मा टेबलावर होता, तो मी पुढे होऊन घालून दिला. खूप वेळ बघितलं. मग पट्टी तशीच छातीवर धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मामा वाट बघत बसला. त्याला काहीही चाललं असतं. त्यांनी थोबाडीत मारली असती तरी. तासाभराने शेजारीण म्हणाली, झोपल्यात, तुम्ही निघा. त्याने पट्टी काढून घ्यायला हात पुढे केला, तर ती सुटेना. बाई झोपल्या नव्हत्या.

जिना उतरताना त्याने मला तीनदा विचारलं, रागावल्यात का गं? मी तीनदा म्हटलं, माहीत नाही मामा. मला खरंच माहीत नाही. त्यालाही कळणार नाही, कधीच. घरी आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या कमरेची टेप टेबलावर काढून ठेवलेली बघितली.

तुम्ही पण कुणालातरी पुढच्या आठवड्यात म्हणून ठेवलं असेल. काहीतरी सांगायचं राहिलं असेल, शरमेचं. तर जा. उद्याच जा. समोरचं माणूस अजून तुम्हाला शिव्या घालू शकतंय तोवर जाऊन या.