ते पुतळे पावसानं झिजले नाहीत

बारामतीच्या आमच्या कॉलेजच्या दारात संस्थापकांचे तीन दगडी अर्धपुतळे आहेत. नाकं बोथट, ओठ पुसट, कान म्हणजे नुसते उंचवटे. उन्हापावसानं झिजले, असं नव्या पोरांना सांगतात. निवृत्त होईपर्यंत मीही तेच सांगायचो. खरं काय ते सांगायचं इतकी वर्षं टाळलं.

नव्वदच्या दशकात मी तिथं कार्यालय अधीक्षक होतो. बागेच्या बोअरचं पाणी खारट. पाइपचे फवारे उडून पुतळ्यांवर क्षारांचे पांढरे थर बसले होते. वर्धापनदिनाला पाहुणे येणार म्हणून प्राचार्यांनी ते काढून घ्यायला सांगितलं. घरी मोरीतले असले डाग मी अ‍ॅसिडनं काढायचो. रविवारी कॉलेजात कुणी नसताना बाटली घेऊन गेलो आणि ब्रशनं तिन्ही चेहरे घासले. फसफसून फेस आला. क्षार निघतायत म्हणून मला बरंच वाटलं. पाणी ओतलं तेव्हा फेसाबरोबर नाकांची टोकंही गेली होती. दगड चुनखडीचा आहे हे मला माहीत होतं. अ‍ॅसिड चुना खातं, हे डोक्यातच आलं नाही.

सोमवारी प्राचार्य पुतळ्यांपुढं उभे. माझ्या हातांना वास येतोय का, एवढीच मला धास्ती.

"दगडच कच्चा दिसतोय, सर," मी म्हणालो. "पाणी लावलं अन् भुगा निघाला."

पुतळे घडवणाऱ्या कळस गावच्या कारागिराला बोलावणं गेलं. त्यांना सगळे तात्या म्हणत.

"तात्या, दगड घडवला का गूळ?" संस्थेचे एक सदस्य म्हणाले. सगळे हसले.

"साहेब, चार पावसाळं काढलं की ह्या तोंडांनी! आत्ताच कशी इरघळली? कुणीतरी कायतरी लावलंय."

"घ्या! आता आमच्यावरच ढकला."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हातातलं घड्याळ पाहिलं.

इंदापूरच्या एका शाळेच्या पुतळ्याचं ठरलेलं काम त्यांच्याकडून गेलं. मग कुणीच मूर्तीसाठी बोलावलं नाही. घरांच्या पायऱ्या घडवत राहिले. एसटी स्टँडवर कळसची गाडी लागलेली दिसली, की मी वळसा घालून जायचो.

ते वारले त्याच्या आदल्या वर्षी धीर करून त्यांच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर बसले होते.

"त्या दिवशी समदी हसली," त्यांनी सुनेला सांगितलं, "ह्ये एकटं हसलं न्हायत. बसा साहेब, च्या घ्या."

बशीत ओतून मी चहा संपवला. 'तात्या, अ‍ॅसिड मी लावलं, मला माफ करा,' एवढंच गाडीत घोकत आलो होतो.

"चहा छान झालाय," म्हणालो आणि उठलो.