नानांचा क्रोध

नाना माणसांना वीसपैकी मार्क देत, तेही फक्त मनाच्या गुणांना. दूधवाल्याला धीर सतरा, माझ्या वडिलांना निर्णय सहा. वडील त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, पण मार्क देताना नाना नातं पाहत नसत. हे खूळ त्यांना काँप्युटरमुळे लागलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लोकांचे प्रबंध टाइप करायला दादाने बनारसला अमृतराव घाटाजवळच्या आमच्या घरी काँप्युटर आणला, त्यावर फुटबॉल-मॅनेजरचा एक खेळ टाकला, आणि पाठशाळेत उभा जन्म संस्कृत शिकवलेले माझे हे काका त्याला चिकटले ते चिकटलेच.

त्या खेळात चेंडूला पाय लावायचा नसतो. संघ निवडायचा आणि सामना पडद्यावर वाचायचा. प्रत्येक खेळाडूपुढे त्याच्या गुणांचे आकडे असत. वेग, उडी वगैरेकडे नाना ढुंकूनही पाहत नसत. "पाय तिशीनंतर उतरतात, मन चढत जातं," ते म्हणत. दादा मला हळूच सांगे, "म्हणून आपला गोलकीपर म्हातारा आहे."

मनाच्या गुणांना नानांनी मराठी नावं दिली होती. जिद्द, धीर, अंदाज. 'ॲग्रेशन'ला त्यांनी नाव दिलं क्रोध, आणि तिथेच घोळ झाला. क्रोध म्हणजे षड्रिपूंतला. तो ज्याच्यात जास्त, त्याला नाना विकून टाकत. उरले ते सगळे सालस. संघ तितक्याच सालसपणे हरत तळाला गेला. "नाना, हे बनारस आहे, लखनौ नाही," दादा वैतागून म्हणाला, "पहले आप करत गोल होत नाहीत."

त्याच सुमारास मी प्राध्यापकीचा एक इंटरव्ह्यू देऊन रडत घरी आले. विषय मला येत होता. पण एका सरांनी माझं वाक्य मध्येच तोडलं.

"मग?" नानांनी विचारलं.

"मग त्यांचं संपेपर्यंत थांबले. त्यांचं संपलंच नाही."

नाना हसले नाहीत. "बिटिया, तू माझ्या टीममधली निघालीस," एवढंच म्हणाले आणि बत्ती गेलेली नसूनही त्या दिवशी खेळायला बसले नाहीत.

पुढे एका सकाळी ते मला दशाश्वमेधला घेऊन गेले. पायऱ्यांवरून नऊवारीतल्या बायका उतरत होत्या. आमच्या ओळखीचे एक गुरुजी छत्रीखालून उठले, चार पावलं पुढे गेले आणि म्हणाले, "या, या. कुठल्या गावच्या तुम्ही?" बाकीचे गुरुजी अजून आसन झटकत होते.

"पाहिलंस? राग नाही, धक्काबुक्की नाही. सरसावले फक्त," नाना म्हणाले. "मी शब्दच चुकीचा लावला गं. तो क्रोध नव्हे, सरसावणं. तुझं सध्या तीन आहे."

घरी येऊन त्यांनी संघात सरसावणारे गडी घेतले. अजिंक्यपद काही मिळालं नाही, पण संघ तळातून वर आला. नाना त्यावरही खूश होते.

मला पुण्याहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, तेव्हा ते स्टेशनवर पोचवायला आले. घरातलं कुणीही निघालं की "सांभाळून जा" म्हणायची त्यांची सवय. या वेळी गाडी हलल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "सरसाव."

पुण्यातही एका सरांनी वाक्य तोडलंच. मी म्हणाले, "सर, माझं वाक्य पुरं व्हायचंय." आणि पुरं केलं.

नोकरी लागल्याचं आणि वाक्य पुरं केल्याचंही मी शेजाऱ्यांच्या फोनवर कळवलं. नाना म्हणाले, "चौदा."

"नाना, नोकरी लागली तरी चौदाच?"

"मन चढत जातं, बिटिया. वर जागा ठेवायला हवी."

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही मीटिंगमध्ये कुणी माझं बोलणं तोडलं की मी ते पुरं करते, आणि घरी येताना स्वतःला अर्धा मार्क वाढवून देते. वीस अजून झालेले नाहीत.