स्टुलावरची समाधी

दूध तापत ठेवलं की ती रोज ओट्याजवळच्या स्टुलावर बसायची. पाठ भिंतीला टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबलेले. नजर समोर आणि तोंडातून चकार शब्द नाही. सासूबाई या बसण्याला ‘सूनबाईंची समाधी’ म्हणायच्या.

"तेवढ्यात चार भांडी विसळून झाली असती," त्या तिला ऐकू जाईल असं पुटपुटत.

"दूध वर आलं की उठते, आई."

लग्नाआधीपासून ती विमानात नोकरीला होती, आता केबिनमधल्या कर्मचाऱ्यांची प्रमुख. विमान सुटताना आणि उतरताना दाराजवळच्या घडीच्या खुर्चीत पट्टा आवळून असंच बसायचं. हात अंगाखाली असले की धक्क्याने भिरकावले जात नाहीत. मनात उजळणी चालू ठेवायची: दार कसं उघडतं, आग विझवायचं नळकांडं कुठे आहे, कोणाला स्वतःहून उठता येणार नाही. घरीही ती सवय सुटली नव्हती. घरच्या उजळणीत गॅस, दाराची कडी आणि सासूबाईंचा चष्मा असायचा.

एकदा निरभ्र आकाशात विमान अचानक हादरलं. तिने गरम कॉफीचं भांडं खाली ठेवलं, ट्रॉलीचा ब्रेक दाबला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर बसून पट्टा लावला. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ तिला हाका मारत होता. त्याच्या बायकोचा पट्टा लागत नव्हता. "आधी सैल करा, मग अडकवा," ती बसल्या जागेवरून सांगत राहिली. उठली मात्र नाही. त्या बाईंचं मनगट मोडलं आणि गृहस्थाने तक्रार केली, की कर्मचारी नुसती बसून राहिली.

चौकशी संपेपर्यंत तिचं उडणं बंद झालं. निकाल विरुद्ध लागला असता तर उरलेली नोकरी कचेरीतल्या टेबलाशी काढावी लागली असती. ती सकाळी स्टुलावर बसायची, एवढंच.

"तुमची सून विमानात बसायला जाते म्हणे," शेजारीण जिन्यात म्हणाली. सासूबाईंना ते झोंबलं. घरी कोणी आलं की त्या सतत उभ्या, त्यांची पाठ कधी खुर्चीला टेकत नसे. घरात शिरताच त्यांनी सुनेला विचारलं,

"तो एवढा हाका मारत होता. तुला बसवलं कसं गं?"

"उठले असते तर त्यांच्याच अंगावर पडले असते. माझं डोकं फुटलं असतं, मग त्या बाईंच्या हाताला आधार कोणी बांधला असता?"

"तू बांधलास?"

"विमान शांत झाल्याबरोबर."

"हे आधी सांगायचंस की."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

तरी ते सासूबाईंच्या पूर्ण गळी उतरलं नव्हतं.

मग एका सकाळी उकळत्या पाण्याचं पातेलं नेताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोल जाऊ लागला. सून स्टुलावर होती. ती धावली नाही.

"पातेलं खाली ठेवा. आहात तिथेच बसा."

तो आवाज घरात कधी कोणी ऐकला नव्हता. सासूबाई पातेलं ठेवून फरशीवर बसल्या. पातेलं शेजारी वाफाळत होतं, पण थेंबही सांडला नव्हता. आता ती उठली, पातेलं दूर सरकवलं आणि त्यांना टेकून बसली.

"तिथे असा आवाज काढतेस होय?" सासूबाई म्हणाल्या.

"याहून मोठा."

पुढच्या आठवड्यात कचेरीतून फोन आला. तक्रार फेटाळली होती, तिने पुन्हा कामावर यायचं होतं. सासूबाई मुद्दाम जिन्यात गेल्या. "हो, बसायलाच जाते," त्यांनी शेजारणीला सांगितलं. "सगळ्यांना नाही जमत ते."

कामावर जायच्या दिवशी गणवेश घालून ती स्टुलावर टेकली. सासूबाईंनी गॅसशेजारी खुर्ची ओढली, पावलं सपाट ठेवली आणि साडीचा घोळ सावरत हात मांड्यांखाली घातले.

"आता मनात काय म्हणायचं?"

"जे जे बघायचंय ते."

सासूबाई आठवू लागल्या. दाराची कडी. तिचा डबा. तिची किल्ली. ओट्यावर दुधाचं बारीकसं सूं सूं सुरू झालं.

"आई, तुमचा हात पोचतोय," ती म्हणाली, "गॅस जरा बारीक करा."