एक जूनचा वाढदिवस

कागदोपत्री माझा जन्म एक जूनचा. गावच्या हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना आमच्या अख्ख्या वर्गाला तीच तारीख देऊन टाकली होती आणि सरकारी नोकरीतही तीच चिकटली. खरा मी त्याच वर्षीच्या दिवाळी पाडव्याचा.

वसईच्या ऑफिसात मी आणि जवळच्याच सांडोर गावचा माझा मित्र एकाच दिवशी कारकून म्हणून लागलो. त्याची जन्मतारीख त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीशी जुळणारी, अस्सल. दर एक जूनला तो घरच्या बागेतली वेलची केळ्यांची फणी माझ्या टेबलावर ठेवायचा. "मोठा ना तू, पाया पडू का?" म्हणायचा.

नव्वदचं दशक संपता संपता ऑफिस गुंडाळायचं ठरलं. आम्हा दोघांपैकी एकालाच दुसरीकडे सामावून घेणार होते. शेवटी लागलेला आधी जाणार, हा नियम. आणि एकाच दिवशी लागलेल्यांत वयाने मोठा तो ज्येष्ठ. सेवाज्येष्ठतेची कच्ची यादी फळ्यावर लागली. माझं नाव वर, त्याच्या लगेच खाली त्याचं. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते.

ते पंधरा दिवस मी फळ्याकडे न बघता जिना चढलो. दोन मुली, नवा ब्लॉक, सबबी हव्या तेवढ्या होत्या. खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. हरकत त्यानेही घेतली नाही. माझी खरी तारीख त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, अशी मी मनाची समजूत घातली.

त्याला महिन्याची नोटीस मिळाली आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. आस्थापनेचं टेबल माझ्याकडे, त्यामुळे पोच घ्यायची मीच. "सही कुठे करू?" त्याने विचारलं. मी बोट ठेवलं, त्याने केली.

पुढच्या एक जूनला तो आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली.

पाडव्याला सकाळी बायको मला ओवाळत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात तो, हातात केळ्यांची फणी.

"वाढदिवसाची घे. तुझ्या आईने सांगितलं होतं मला, तुझ्या लग्नात."

मी फणी हातात घेतली आणि विचारलं, "मग हरकत का नाही घेतलीस?"

तो खाली वाकून चपला काढत होता.

"मला वाटलं, तू घेशील."