काठीवाल्या काकीची खोली

कोणी 'बिचारी' म्हणालं की काठीवाली काकी चालता चालता थांबायची. पोलिओनं वाळलेला पाय सावरत वळायची आणि म्हणायची, "नाव काय तिचं? ठाऊक नाय ना? मग विचार, आन् नावानं हाक मार." समोर साहेब असो की पोशेऱ्याहून नाचणी विकायला आलेला कोणी, काकीचा सूर तोच.

मोखाड्याच्या बाजारालगत पंचायतीची एक जुनी खोली होती. बाजाराच्या दिवशी काकी तिथं चटई अंथरून बसे. पाड्यापाड्यांवरून बहिरी माणसं येत, कुबड्या घेतलेली येत, पोरं कडेवर घेतलेल्या आया येत. कानाचा डॉक्टर जव्हारला कधी येणार, दाखल्यासाठी काय न्यायचं, तीनचाकी कुठं दुरुस्त होते, सगळं काकीला विचारायचं. लोक त्या खोलीला 'मुक्यांचा बाजार' म्हणत. काकी म्हणायची, "म्हनू दे. इथं होतं तेवढं बोलनं त्यांच्या घरात होत नाय."

ते खरंच होतं. माझी धाकटी बहीण मंदा जन्मापासून बहिरी. आमच्या घरात तिच्यासाठी जेव, झोप, चल, एवढ्याच खुणा. काकीचा नवरा बहिरा होता. तो गेल्यावरही त्याची भाषा तिच्या हातांत राहिली होती. ती तिनं मंदाला दिली, मंदाच्या मागोमाग मीही शिकले. मग एकदा मंदानं माझ्यामार्फत आईला सांगितलं, मला सुकट आवडत नाही. लहानपणापासून आई तिला आवडतं म्हणून स्वतःच्या वाटणीचं सुकट वाढत आली होती. त्या दिवशी आई नीट जेवली नाही.

एका बहिऱ्या गरोदर पोरीला काकी दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर सगळं सासूला विचारत होते. दुखतं का, पोर हलतं का. सासू मनानंच उत्तरं देत होती. काकीनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, पोट हिचं हाय. हिच्याकडं बघून विचारा, मी सांगते तिला." विचारल्यावर कळलं, पोर दोन दिवस हललंच नव्हतं. पोर वाचलं नाही, पोरगी वाचली. बाहेर आल्यावर सासू म्हणाली, "बिचारीला सांगता आलं नाय." काकी या वेळी थांबली नाही. मला मात्र म्हणाली, "सांगत व्हती ती. दोन दिवस सांगत व्हती."

पुढं नवी इमारत झाली आणि तिच्यात दिव्यांगांसाठी केंद्र निघालं. खाली दुकानांचे गाळे, केंद्र वरच्या मजल्यावर. उद्घाटनाला काकीला दीप लावायला बोलावलं. जिना पाहून ती खालीच थांबली. दोघांनी तिला खुर्चीसकट उचललं. "ठेवा खाली," ती म्हणाली, "मानूस हाय मी, सिलिंडर नाय." पण पाहुणे वर खोळंबले होते. तिचा फोटो पेपरात आला. केंद्र झालं म्हणून पंचायतीनं जुनी खोली परत घेतली. वरच्या केंद्रावर काही महिन्यांत कुलूप दिसू लागलं आणि ते तसंच राहिलं.

काकी मग जिन्याखाली बसू लागली. पावसाची झड तिथं सरळ आत येई. तिच्या छातीत कफ भरला, तरी ती यायची. "मी नाय आले तर त्यांना कोन सांगनार, की मी येनार नाय?" असं म्हणायची.

त्याच पावसाळ्यात ती गेली. मी जव्हारला शाळेत होते; मला फोन आला तोवर तिला माती देऊन झाली होती. मी लगेच घरी फोन केला, मंदाला सांग म्हणाले. आई म्हणाली, "कशाला? उगाच रडंल." घरोघरी हेच झालं असावं. गावोगाव फोन गेले, ते ऐकू येणाऱ्यांना.

बाजाराच्या दिवशी मी एसटीनं मोखाड्याला पोचले, तर सगळे जिन्याखाली दाटीवाटीनं बसून होते. मंदाही होती. मी सांगितलं. हातांनी ते सांगायला फार वेळ लागत नाही.

मंदानं विचारलं, कधी? मी सांगितलं. माती दिली? दिली. आईला माहीत होतं?

मी मान हलवून हो म्हटलं. मग तिनं डोळे मिटून घेतले. मी तिचा खांदा हलवला, हात धरला, पण तिनं डोळे उघडले नाहीत, आणि ते मिटलेले असेपर्यंत तिला काही सांगायची सोय माझ्याकडे नव्हती.