सरांच्या आईसाठी

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कणव येणार नाही. मालदीवमधली तेरा वर्षांची नोकरी मी खोटं बोलून सोडली. मुख्याध्यापिकेला, सोबतच्या शिक्षकांना आणि दहावीच्या अकरा मुलांना सांगितलं की आई अत्यवस्थ आहे, मला ताबडतोब भारतात जावं लागेल. मुलांची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. आणि माझी आई सहा वर्षांपूर्वीच वारली होती.

ती गेली तेव्हा मी वार्षिक सुटीत गावीच होतो. परत गेल्यावर बेटावर कुणाला बोललो नाही. दुःखी माणूस दिसला की करार वाढवत नाहीत, असा माझा संशय. त्यामुळे तिथल्या लोकांसाठी माझी आई जिवंतच राहिली, आणि वेळ आली तेव्हा तिचा मी असा उपयोग करून घेतला.

बोट सकाळची होती. बेट एवढंसं, या टोकाला खोकललं तर त्या टोकाला ऐकू जावं, त्यामुळे निम्मं गाव धक्क्यावर आलं होतं. अकरा मुलं शाळेच्या पांढऱ्या गणवेशात ओळीनं उभी. नशफा नावाच्या मुलीनं, जी बीजगणितात माझ्यापेक्षा वेगानं उत्तर काढायची, माझ्या हातात एक बाटली दिली. त्यात नारळाच्या झाडाच्या रसाचा आटवलेला पातळ गूळ होता, आपल्याकडच्या काकवीसारखा. अशक्तपणावर तो चांगला असतो असं तिथे मानतात. तिच्या आजीनं तो दोन दिवस चुलीपाशी बसून केला होता. एक मुलगा म्हणाला, "सर, शुक्रवारच्या नमाजात आम्ही सगळे दुआ करू." मी मान हलवली. बोट सुटल्यावर हातही हलवला. तेव्हा माझ्या डोक्यात आई नव्हती, मुलंही नव्हती. माझ्या डोक्यात एक मोहाचं झाड होतं.

ते आमच्या शेतातलं. पवनीपासून तासाभरावर आमचं गाव, धानाचं. गोसीखुर्द धरणाचा कालवा अजून आमच्यापर्यंत आलेला नाही. पाऊस उघडला की जुन्या तलावावरच सगळी मदार. बाबांच्या मागे दोन बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, राहिल्या. तलावाच्या मोरीजवळची, जिथून पाणी सुटतं, ती मोठा म्हणून माझ्याकडे आली, आणि पार शेवटाची, जिथं पाणी पोचता पोचता दमतं, ती दिवाकरनं घेतली. दिवाकर माझा धाकटा भाऊ. दोन्ही तोच कसतो. मी पाचवीपासून भंडाऱ्याला शिकायला, मग तिथेच विनाअनुदानित शाळेत मास्तर, मग समुद्रापार. धानाच्या चिखलात मी सुटीपुरताच उतरलो.

दूर राहिलेल्या माणसाला संशयाची सवय लागते. जे गेले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. फोनवर भाऊ दोन सेकंद थांबला, तर ते दोन सेकंद नेटवर्कनं घेतले की त्यानं, हे आपल्याला कळत नाही. मागे कुणी हसलं, तर ते आपल्यालाच हसलं असं वाटतं. "सब ठीक हाये गा दादा, तू नोको घोर करू," असं दिवाकर दर वेळी म्हणे, आणि दर वेळी मला वाटे, सगळंच ठीक कसं असेल? परीक्षेच्या हॉलमध्ये वीस वर्षं मुलांच्या बाह्यांकडे बघत फिरलेला माणूस मी. कॉपी असणारच, फक्त सापडायची राहिली आहे, अशी नजर झालेली.

त्या वर्षी पावसानं भादव्यातच पाठ फिरवली होती. धान गर्भावर आलेलं, एका पाण्याची गरज. मी व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, "दिवाकर, माझी बांधी दाखव."

"हे पाय ना. तुयाच धान हाये."

पडद्यावर हिरवंगार धान, बुडाशी चकाकणारं पाणी. पण माझ्या बांधीच्या कोपऱ्यात मोह आहे. तो दिसेना.

"मोह कुठे आहे?"

"मांगं हाये गा. मोबाईलात नाई बसून राहिला." आणि कॉल तुटला.

तुटला की तोडला? दोन दिवस मला शिकवताना सुचेना. शेवटी पवनीच्या एका ओळखीच्याला गुपचूप पाठवून फोटो मागवला. मोहाखाली जमीन तडकली होती, बोट जाईल एवढ्या भेगा. म्हणजे तलावाला लागून असलेली माझी बांधी कोरडी, शेवटाची त्याची भिजलेली, आणि भिजलेली दाखवून ती माझी आहे असं तो सांगत होता. मी फळ्यावर प्रमेय मांडतो तसं मनात मांडलं आणि खाली लिहिलं: सिद्ध.

धानाचं एक पीक गेल्यानं मी उपाशी मरणार नव्हतो. पण मला त्याला पकडायचं होतं, रंगेहाथ, आणि तेही पाणी वाहत असताना. परीक्षेच्या तोंडावर साधी रजा मिळणार नव्हती, म्हणून नोकरीच सोडली, आणि येतोय हे त्याला कळवलं नाही. मुलीच्या कॉलेजसाठी बायको नागपूरला राहते. तिलाही सांगितलं नाही. तिथल्याच विमानतळावरून थेट बसस्थानक, तिथून पवनीची एसटी. शेजारच्या म्हाताऱ्यानं, "कोणच्या गावचे गा?" असं विचारलं तर त्याचाही मला संशय आला, की हा जाऊन दिवाकरला सांगेल.

संध्याकाळी दारात उभा राहिलो तेव्हा दिवाकर बैलाला वैरण टाकत होता. त्यानं हातातला भारा टाकला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "दादा! असा बिनसांगता? तबेत तं बरी हाये ना?" घाबरलाय, मी मनात नोंद केली. त्याची बायको ताट वाढून म्हणाली, "भाऊजी, कळवलं असतं तं भाजी तरी धड केली असती." मी थकलो म्हणून लवकर पडलो. बॅगही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जमलं होतं. पाणी वाटायचं काम आमच्याकडे पाणकर करतो, गावानं नेमलेला माणूस. ते काम सोनबाजींकडे, बाबांच्या वयाचे. दिवाकर त्यांच्या शेजारी फावडं घेऊन उभा. मला वाटलं, हीच वेळ.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "मोरीला लागून असलेली बांधी कोरडी आणि शेवटाची भिजलेली, हे कुठल्या गणितानं होतं? माझं पाणी कोणी पळवलं?"

दिवाकरनं फावडं जमिनीवर टेकवलं. मी त्याच्याकडे बोट करून मोबाईलवरचा फोटो सोनबाजींपुढे धरला. "आणि हा मला दुसऱ्याच बांधीचा व्हिडिओ दाखवतो."

सोनबाजींनी फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि तंबाखू थुंकून म्हणाले, "मास्तर, तुमी कोनाचे पोरगे?"

"म्हणजे?"

"नाई, तुमचा बाप या पारीवर तीस वर्सं उभा राह्यला म्हनून इचारतो. तलाव अर्धा भरला तं पानी शेपटाकून सुटते. पह्यले शेवटची बांधी, मंग तिच्या वरची, अन् मोरीजवळची सगळ्याच्या मांगून. मुखाजवळच्याले कवाबी भेटते. शेपटाकडच्याले पह्यले नाई देल्लं तं त्याले भेटते काय? तुमच्या बांधीची पाळी आज हाये. तुमचा भाऊ तेच फोडाले आला."

मागून कुणीतरी म्हणालं, "समुद्रात राह्यला बाप्पा, त्याले पान्याची पाळी काय मालूम!" लोक हसले. दिवाकर हसला नाही. तो मोरीकडे गेला आणि माझ्या बांधीचं तोंड फोडून पाणी आत घेऊ लागला.

खरं सांगतो, तेव्हाही मी विश्वास ठेवला नाही. सोनबाजी त्याला सामील असतील असं वाटलं. मी पाटाच्या कडेनं शेवटापर्यंत चालत गेलो. तिथं आठ-दहा बांधी पाहिल्या, सगळ्या भिजलेल्या. एका विधवा बाईची, सरपंचाची, दिवाकरची, सगळ्यांची सारखी. परत येताना एकेक बांधीतलं पाणी अधिक ताजं दिसत गेलं आणि माझ्या बांधीत पाणी नुकतंच शिरत होतं. आई म्हणायची, "आधी पाहून घे, मंग बोल." मी बोलून झाल्यावर पाहत होतो.

घरी आलो तर दिवाकर जेवायला बसला होता. मी म्हणालो, "गैरसमज झाला."

"झाला ना. गावानं पाह्यला." त्यानं भात कालवला. "अन् व्हिडिओचं म्हनशीन तं, खोटं मी बोललो. तुयी बांधी तडकली होती. तू तिकडं एकटा, पान्यानं घेरलेला. तुले भेगा दाखवून काय करतो? आठ दिसांत पाळी येनारच होती."

हेही मला पटायला हवं होतं. मी म्हणालो, "तरी सांगायला हवं होतंस," म्हणजे अजूनही चूक त्याच्याच पदरात टाकत होतो.

तेवढ्यात त्याच्या मुलीनं, प्राचीनं, माझी बॅग उघडली होती. आठवीतली पोर, काकाच्या बॅगेत चॉकलेट असणारच या खात्रीची. तिनं ती बाटली बाहेर काढली. बाटलीला दोऱ्यानं एक पुठ्ठा बांधला होता, तो मी धक्क्यावर वाचलाच नव्हता. प्राची इंग्रजी वाचायला मिळालं म्हणून मोठ्यानं वाचू लागली आणि वाचता वाचता मराठी करू लागली.

"सरांच्या आईसाठी. लवकर बऱ्या व्हा. दहावीचा वर्ग." मग तिनं खालची अकरा नावं वाचली, अडखळत. आणि विचारलं, "मोठेबाबा, आजी तं मेली ना?"

दिवाकरचा हात ताटात थांबला. "मायले सहा वर्सं झाले, दादा. तू तिथं काय सांगून आला?"

मी ऊन लागल्याचं, प्रवासाचं काहीतरी बोललो. त्यानं तो पुठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मग मी सांगितलं. आई अत्यवस्थ आहे असं म्हणालो, परीक्षा टाकून आलो, तुला पकडायला आलो.

पारीवर मी बोट दाखवलं तेव्हा तो गप्प बसला होता. आता मात्र त्याचा आवाज चढला. "माह्यावर शक घेतला, घे. मी तुया भाऊ आहो, उद्या बी तुयासंगच जेवीन. पन मायले पुन्हा आजारी पाडली तू? अन् त्या लेकराईले रडवलं? काहून गा? एका पान्यासाठी?" त्याची बायको आतून म्हणाली, "जेवू द्या ना त्यायले." "जेवू दे," तो म्हणाला, "पन पह्यले फोन लावाले सांग."

मी दोन दिवस टाळलं. कधी तिथं शुक्रवार-शनिवारची सुटी असते म्हणून, कधी रेंज नाही म्हणून. परत जायचं दार मीच लावून घेतलं होतं. आता निदान चांगली आठवण तरी राहू द्यावी, असा हिशेब मनात चालला होता. तेरा वर्षं ज्या बेटाला मी परकं म्हणालो, तिथली माणसं मला खोटा समजतील या भीतीनं मी मोबाईल काढून पुन्हा खिशात टाकत होतो. आणि ज्या गावाला आपलं म्हणत होतो, तिथली पाण्याची रीतही मला ठाऊक नव्हती. घर कुठलं, असं कुणी विचारलं असतं तर त्या दोन दिवसांत मला उत्तर देता आलं नसतं. आज देईन: जिथं मला खोटं बोलून राहता येत नाही, ते. पण तेव्हा ते कळलं नव्हतं.

रविवारी, तिथला कामाचा पहिला दिवस, दिवाकर अंगणात माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "लाव." तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, माझाच तास चालू असणार होता. माझ्या जागी वर्ग घेत असलेल्या बाईंना मी दहा मिनिटं मागितली. त्यांनी फोन टेबलावर उभा केला. अकरा चेहरे.

"सर! आई कशी आहे?"

मी सांगितलं. आई आजारी नाही. ती सहा वर्षांपूर्वी गेली. मी तुमच्याशी खोटं बोललो, कारण मला वाटलं की माझा भाऊ मला फसवतो आहे. तो फसवत नव्हता. तुमची परीक्षा तोंडावर असताना मी तुम्हाला सोडून आलो. मला क्षमा करा.

बराच वेळ तिकडून आवाज आला नाही. या वेळी थांबलं होतं ते नेटवर्क नव्हतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. नमाजात दुआ करू म्हणणारा तोच. मग नशफा हळूच म्हणाली, "सर, तुमचे भाऊ तुमच्यावर रागावले आहेत का?"

दिवाकरला इंग्रजी येत नाही. तो माझ्या दंडाला धरून विचारू लागला, "काय म्हनते पोरगी? सांग ना."

"तू रागावला काय, म्हणून विचारते."

"मंग तू काय सांगतलं?"

"काही नाही. मी अजून तुझी माफी मागितली नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मोबाईलमधल्या मुलांकडे पाहत राहिला. तीही आमच्याकडे पाहत होती. मास्तरकीची सगळी भाषा माझ्याजवळ होती, पण आईनं शिकवली होती तीच तोंडात आली. मी त्याच्या चिखलानं राठ झालेल्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "माह्यं चुकलं, दिवाकर. तू चोर नाई. मी तुले चोर म्हनालो. मले माफ कर."