लाल शाईतलं ‘घरी’

लॉच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुट्टीत मी आरोपींना मोफत वकील देणाऱ्या एका कार्यालयात इंटर्न होते. उपनगरातल्या एका कोर्टाच्या मागे दोन खोल्या, एक पंखा आणि आमच्या मॅडम. पहिल्याच आठवड्यात उलटतपासणी बघायला मिळेल अशा थाटात मी गेले होते. मिळाला एक फोन आणि एक यादी.

यादीतल्या लोकांना जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळत नसल्यामुळे ते अजून तुरुंगातच होते. त्यांच्या घरी फोन करून माणूस सुटला का, ते विचारायचं. सुटला असेल तर तुरुंगाला पत्र पाठवून खात्री करायची, मग फाइलवर लाल शाईने ‘घरी’ लिहून ती खालच्या कपाटात टाकायची. त्या कपाटाकडे पुन्हा कुणी बघत नसे. पत्राचं उत्तर यायला दिवस लागायचे आणि मला तर सगळ्याचीच घाई.

चारकोपच्या एका घरी मी फोन केला. मुलगा तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम करायचा, चोरीच्या आरोपाखाली आत गेला होता. फोन त्याच्या आईने उचलला. मी विचारलं, मुलगा सुटला का?

“माझो झील घराक आसा गो,” ती म्हणाली. “जेवता हा.”

मागे फरशीवर ताट सरकल्याचा आवाज झाला. अजून भात वाढू काय, असं तिने कुणाला तरी विचारलं, जरा थांबली आणि हसली. मला कोण आनंद झाला. पत्राच्या भानगडीत न पडता मी फाइलवर ‘घरी’ लिहिलं आणि खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले.

तीन आठवड्यांनी मॅडम मला व्हिडिओवरच्या हजेरीला घेऊन गेल्या. तुरुंगातले आरोपी तिथल्या कॅमेऱ्यासमोर एकेक करून बसतात आणि कोर्टातल्या पडद्यावर दिसतात. आमच्या माणसाला पुढची तारीख मिळाली, तो उठला, आणि शिपायाने हटकायच्या आत एक दुसराच माणूस त्या खुर्चीत येऊन बसला. त्याने स्वतःचं नाव सांगितलं. जामीन होऊन इतके दिवस झाले, माझ्याकडे कुणी आलं का नाही, असं विचारलं.

ते नाव मी लाल शाईने बंद केलं होतं. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन चारकोपला फोन लावला. दारातून पडदा दिसत होता. मुलगा कुठे आहे, मी विचारलं. आत्ताच जेवायला बसला, ती म्हणाली, आणि ताट सरकल्याचा तोच आवाज आला. पडद्यावर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मग भीती गेली आणि शरम वाटायला लागली, ती अजून गेलेली नाही.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “ताटाचा आवाज म्हणजे पुरावा नाही गं.” त्याला जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर सोडावं, असा अर्ज त्यांनी त्याच दिवशी केला. मला म्हणाल्या, त्याच्या घरी जाऊन ये.

चारकोपचं ते घर एका खोलीचं होतं. दाराशी पुरुषाच्या चपला, नुकत्याच धुतलेल्या, ओल्या. आत दोन ताटं वाढलेली. एका ताटापुढे आई बसली होती, दुसऱ्यापुढे कुणीच नव्हतं. पण त्या भाताला वाफ होती आणि आमटीसाठी मधोमध आळं केलेलं होतं. पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हापासून हे असंच आहे, शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या. हल्ली आम्हीपण इथून जाताना हळू बोलतो. आत जाताना मी त्या रिकाम्या जागेला पाय लागू नये म्हणून बाजूने गेले. बसल्यावर माझ्या ते लक्षात आलं.

अर्ज मंजूर झाला. चौथ्या दिवशी तो सुटला आणि कागदावर सही करायला आमच्याकडे आला. त्याला घरी सोडायला मी रिक्षाने निघाले. वाटेत मी सगळं सांगितलं, आईचं, आणि तीन आठवडे माझ्यामुळे गेले तेही. माफी मागितली.

दार उघडंच होतं, दोन ताटं वाढलेली होती. आईने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून तिने विचारलं, “ह्यो कोणाचो झील गो?”

एका फोनवर ‘घरी’ लिहून मोकळी झालेली मी त्याच्याकडे वळले. तो दारातच उभा होता. मग त्याने बूट काढले आणि त्या ओल्या चपलांना धक्का लागणार नाही असे बाजूला ठेवले.

“मी तेचो दोस्त, काकी,” तो म्हणाला. “तेका भेटाक इलंय.”

बस, ती म्हणाली, आणि तिने तिसरं ताट घेतलं.